वरची रेघ

बंगळुरात मला दोन नावांनी हाक मारत. वर्गात मी 'मेष्ट्रु' होतो आणि स्टाफरूममध्ये 'मेस्त्री'. ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेष्ट्रु म्हणजे शिक्षक, आपले गुरुजी; हाक मारताना 'मेष्ट्रे'. मेस्त्री म्हणजे मिस्त्री, गवंड्यांवरचा मुकादम. घाईत म्हटलं तर कानाला दोन्ही सारखेच लागतात, आणि कुणी हटकलं तर 'मी तर मेष्ट्रुच म्हणालो' असं म्हणून सुटता येतं. केमिस्ट्रीचे एक लेक्चरर असे रोज सुटायचे. मी निपाणीकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड. कुठला शब्द कुठे टोचतो ते मला दोन्ही भाषांत कळतं.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाई पुण्याहून आलेल्या आहेत, हेब्बाळला आमच्याच बाजूला राहतात. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल लिहा ना, पण पॉझिटिव्ह लिहा." मी म्हटलं, पॉझिटिव्ह आणि खरं यांतलं एक घ्या, दोन्ही एका भावात बसत नाहीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरं, खरं लिहा. म्हणून लिहितो. ज्या मुलीची ही हकीगत आहे तिलाही विचारलं. ती म्हणाली, "लिहा मेष्ट्रे, आता माझे मार्क कोण कापणार?"

माझं दुकान बळेपेटेत होतं. पाट्या रंगवायचो. हॉटेलं, शिंपी, दवाखाने, 'येथे सायकल लावू नये'. रंगकाम कोल्हापुरात एका पेंटरच्या हाताखाली शिकलो. तो शिकवायचा कमी आणि ब्रशच्या मागच्या टोकानं बोटांवर मारायचा जास्त. कागदावरची पदवी माझ्याकडे कधीच नव्हती. नव्वदच्या दशकात मल्लेश्वरमच्या एका कॉलेजात दहावीनंतरच्या मुलांसाठी 'कमर्शियल आर्ट'चा व्यवसाय अभ्यासक्रम चालायचा. कॉलेजच्याच आवारात, सायकल स्टँडच्या मागे पत्र्याची एक लांब खोली होती. शिकवायला बाजारातला कारागीर असावा असं तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. प्रिन्सिपॉल स्वतः दुकानात आले. मी त्यांच्याशी तासाच्या दरावरून इतका घोळ घातला की शेवटी ते म्हणाले, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि." थोडं जमवून घ्या. या गावात भाव करत नाहीत, असं 'अ‍ॅडजस्ट' करा म्हणतात. मी जमवून घेतलं. बदल्यात खिडकीला जाळी आणि वर्गात नळ मागून घेतला. पाण्याशिवाय पोस्टर कलर कसा शिकवणार?

आमचा अभ्यासक्रम म्हणजे काय, हे मुलांच्या आईवडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांना सायन्स मिळालं नाही, कॉमर्सही मिळालं नाही, ती मुलं आमच्याकडे यायची. देवनहळ्ळीहून बसनं येणारा एक मुलगा होता, त्याचे वडील एकदा चकोतऱ्यांची, म्हणजे पपनसांची, पिशवी घेऊन आले आणि मला म्हणाले, "पोरगा चित्रं काढतो ते ठीक आहे, पण शिकतो काय?" मी त्यांना सांगितलं, हॉलमध्ये टांगायचं चित्र लोक बघत राहतात. आमचं चित्र बघून माणसानं दुसरीकडे बघायचं असतं, साबणाकडे, डॉक्टरकडे, मतदानाच्या तारखेकडे. लोक आमच्या चित्रापाशीच थांबले तर आम्ही नापास. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. चकोतरे गोड होते.

मुलांना पहिल्या दिवशी गाय काढायला सांगायचो. सगळी मुलं कॅलेंडरची गाय काढायची, गळ्यात घंटा, डोळ्यांत काजळ, पाठीमागे सूर्य. ते सगळे कागद मी फाडायचो. मग वर्ग घेऊन बाहेर पडायचो. मल्लेश्वरमच्या गल्ल्यांत गायी मोकळ्या हिंडत, आणि बंगळूरच्या गायी सिनेमाची पोस्टरं खात. पोस्टर मैद्याच्या खळीनं चिकटवतात, त्या खळीसाठी. भिंतीवरचा हीरो मिशीपासून ओढून काढतात आणि उभ्या उभ्या चघळतात. हे रोज डोळ्यांसमोर होतं, पण माझ्या सगळ्या वर्षांत ते कागदावर एकाच मुलीनं उतरवलं. तिचं नाव नागरत्ना. तिच्या गायीच्या तोंडात हीरोचा अर्धा चेहरा होता आणि उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर तो अजून ऐटीत हसत होता. मी तो कागद फाडला नाही. तिला वाटलं, मी विसरलो. कागद माझ्यासमोर धरून उभी राहिली.

नागरत्नाची आई घरी उदबत्त्या वळायची. वडील नव्हते. मोठी बहीण गारमेंट कारखान्यात मशीनवर होती आणि तिच्या शेजारच्या मशीनसाठी नागरत्नाचं नाव सुपरवायझरला सांगून ठेवलेलं होतं. घरात बोलणं झालं होतं: कोर्स पास झाली आणि चित्राचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मशीन. हे तिनं मला रडून वगैरे सांगितलं नाही. रबर मागायला आली होती, तेव्हा बोलता बोलता सांगितलं.

कोर्समध्ये महिनाभर प्रत्यक्ष कामावर जावं लागे. मुलांना प्रेसमध्ये चिकटवणं हे माझ्याकडे होतं, कारण बाजारात भांडायला स्टाफरूममधलं दुसरं कुणी तयार नसे. सुलतानपेटेत लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. तिथल्या चन्नबसप्पांना मी ओळखत होतो. मुलगी म्हटल्यावर ते मान हलवायला लागले. मुली टिकत नाहीत, मुलींना लवकर घरी जायचं असतं, मुलींसाठी वेगळं स्टूल लागतं. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या पत्रिकेवरचा गणपती गेल्या वर्षी रडत होता. सगळ्या सुलतानपेटेला माहीत आहे." ते म्हणाले, प्रिंटिंगची चूक होती. मी म्हटलं, गणपती रडत होता. असं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं ते असं: नागरत्ना महिनाभर बसेल, खिडकीजवळ बसेल, चहा आणणार नाही, झाडू मारणार नाही, आणि तिचे गणपती विकले गेले तर पास झाल्यावर कायमची नोकरी. पास झाल्यावर, सर्टिफिकेट दाखवून. त्यावर ते अडून बसले. माझं त्यांच्यापुढे तेवढंच चाललं नाही.

तिचे गणपती विकले गेले. हसरे होते, पण आगाऊ नव्हते. चन्नबसप्पा स्वतःहून म्हणाले, जूनमध्ये ये.

आता अक्षरांचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चित्र नागरत्नाचं होतं, पण अक्षर तिचं ढिसाळ होतं, आणि आमच्या परीक्षेत अर्धे मार्क अक्षराचे. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. आपण लहानपणी आधी अक्षरं काढतो आणि मग वर रेघ मारतो. पेंटर उलट करतो. आधी रेघ, मग तिला अक्षरं लटकवायची. कन्नडचं तसं नाही. कन्नड अक्षराच्या डोक्यावर 'तलकट्टु' नावाचा छोटा तुरा असतो, ज्याचा त्याला सुटा. वर रेघ नसते. कन्नड लिहिणारा खाली ओळ धरतो आणि तिच्यावर अक्षरं बसवतो, पाटावर पंगत बसवावी तशी. डोकी थोडी वरखाली झाली तर त्याला चालतं.

मी कन्नड पाट्याही वरून रंगवायचो. वर रेघ आखायची, सगळे तुरे तिला चिकटवायचे, रंग वाळला की रेघ पुसायची. हात देवनागरीवर तयार झाला होता, त्याला दुसरी रीत माहीत नव्हती. पण नंतर माझ्या लक्षात आलं की ही रीत चांगली आहे. पाटी लांबून वाचायची असते, बसच्या खिडकीतून. बसमधून अक्षराचे पाय दिसत नाहीत, पुढे माणसं उभी असतात, हातगाड्या असतात. दिसतात ती डोकी. डोकी एका रेघेत असली की पाटी लष्करासारखी उभी राहते. बळेपेटेत माझ्या पाट्या ओळखू यायच्या. काही लोक म्हणायचे, हा बेळगावकडचा हात. मी ते कौतुक समजायचो. काही वेळा ते कौतुक असायचंही.

मुलांना मी हेच शिकवलं. नागरत्नाला तर दुपारच्या सुट्टीत बसवून शिकवलं. तिची अक्षरं खालच्या ओळीवर बसली की दमल्यासारखी एकमेकांवर कलायची. वरून टांगली की सरळ लोंबायची. तिच्या ढिसाळपणाला वरून आधार तेवढा हवा होता. जमायला लागलं तेव्हा तिनं घरच्या दारावर, आईच्या उदबत्तीच्या पाकिटांवर, बहिणीच्या डब्यावर, जिथे जागा मिळेल तिथे नावं घातली.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांचं नाव श्रीकंठय्या. पांढरा शर्ट, हळू बोलणं, खिशात एकच पेन. कन्नड अक्षरांत त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि हे मी त्यांच्यावरचा राग बाजूला ठेवून लिहितो की त्यांचं स्वतःचं अक्षर पाहिलं की माणूस गप्प व्हायचा. दुपारी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. परीक्षेच्या वेळी शिक्षकाला वर्गात येऊ देत नसत. तिथल्या टेबलावर सगळ्या मुलांची पोस्टरं पसरलेली होती. विषय पाणी वाचवण्याचा. चित्रांबद्दल ते काही बोलले नाहीत.

"ही अक्षरं तुम्ही शिकवलीत का?"

मी हो म्हणालो. मला वाटलं, शाबासकी येणार.

"दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी आहेत. सगळ्यांची." मग अगदी हळू म्हणाले, "मेस्त्री, ही मराठी अक्षरं आहेत. कन्नडचे कपडे घातलेली."

त्यांनी मेस्त्रीच म्हटलं. माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात असं की अर्धी बळेपेट माझ्या अक्षरांवर गिऱ्हाईक ओढते, त्यांच्या अक्षरांवर कोण ओढतं ते त्यांनी सांगावं. ते ऐकून घेत राहिले. माझ्यासारख्याला समोरचा ओरडला तर बरं वाटतं, पुढची पायरी दिसते. ते ओरडेचनात. म्हणाले, दुकानाची पाटी वेगळी आणि परीक्षा वेगळी. अक्षर म्हणून जे मागितलंय ते इथे नाही, मी अक्षराचे मार्क देऊ शकत नाही. म्हणजे सगळा वर्ग नापास.

मी नागरत्नाचं पोस्टर पाहिलं. नळाखाली घागर होती आणि घागरीत एक छोटा मुलगा तोंड वर करून शेवटच्या थेंबाची वाट बघत होता. खाली तिची अक्षरं, ताठ, टांगलेली. मला गारमेंटचं ते शेजारचं मशीन दिसायला लागलं.

मग मी भाव करायला लागलो. दुसरं काही मला येतच नाही. अर्धे मार्क द्या. ते म्हणाले, मार्क म्हणजे टोमॅटो नव्हेत. पास होण्यापुरते द्या. नाही. निदान मुलींना द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमलो. शेवटी मी म्हटलं, चूक असेल तर शिकवणाऱ्याची आहे, मुलांना अजून एक संधी द्या. एक शब्द, प्रत्येकानं हवा तो शब्द निवडायचा, तुमच्यासमोर, तुमच्या पद्धतीनं, खालून. तो बघा आणि त्यावर मार्क द्या.

त्यांनी पोस्टरं एकावर एक रचून ठेवली. मग म्हणाले, हे करता येईल. पण मग मला रिपोर्टमध्ये खरं लिहावं लागेल. या कोर्सला कन्नड अक्षराचं शिक्षण झालेला, डिप्लोमाधारक शिक्षक हवा, असं लिहावं लागेल.

"सरी," मी म्हटलं, म्हणजे ठीक आहे. "लिहा."

यात त्यागबिग काही नव्हता, कुणाचा गैरसमज नको. मला पक्कं ठाऊक होतं की कॉलेजच्या कपाटात असे रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतात, झुरळांशिवाय त्यांना कुणी वाचत नाही. मी फुकटची वस्तू देऊन अख्खा वर्ग विकत घेतोय असं मला वाटलं. मनात हसलोही. बाजारात आयुष्य काढलेल्या माणसानं समोरच्याच्या मालाची किंमत बरोबर केली आणि आपल्या मालाची चुकवली.

मुलांना कागद दिले. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसून राहिलो. आत श्रीकंठय्या रांगांमधून फिरताना त्यांच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता. नंतर ते बाहेर आले ते एकच कागद घेऊन. चेहरा उजळला होता.

कागदावर एकच शब्द होता. मेष्ट्रु.

हा शब्द कन्नडमध्ये कसा लिहितात ते सांगतो. दोन अक्षरं ओळीवर बसतात, आणि जोडाक्षरातले ट आणि र लहान होऊन त्या ओळीच्या खाली लोंबतात. नागरत्नाची दोन्ही अक्षरं खालच्या ओळीवर बसली होती. त्यांच्या पायांखाली पेन्सिलची रेघ स्पष्ट होती. आणि त्यांची डोकी, मी पाहिलं, एका पातळीत होती.

"हा शब्द तुम्ही तिला सांगितलात?"

मी म्हटलं, नाही.

ते म्हणाले, "मी तिला विचारलं, हाच का? तर म्हणते, सर, यात बसणारीपण आहेत आणि लोंबणारीपण." ते हसले. मग कागद माझ्यापुढे धरून, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "बघा, बसलेलं अक्षर असं असतं. वर रेघ न आखता डोकी कशी एका पातळीत आलीत बघा. ही मुलगी शिकू शकते."

मी बघितलं. मला तिचा अभिमान वाटला आणि तिचा रागही आला. दुपारच्या सुट्ट्यांमध्ये माझ्याकडे बसून शिकलेली मुलगी गरज पडताच माझी रेघ सोडून त्यांच्या ओळीवर जाऊन बसली. बरोबरच केलं होतं तिनं. तिच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तरी राग आला. तो कागद मी मागितला. उत्तरपत्रिका देता येत नाही, म्हणाले. तिथेही भाव केला. उपयोग झाला नाही.

रिपोर्ट कपाटात पडून राहिला नाही. त्या वर्षी वरून विचारणा होत होती की हा कोर्स चालू ठेवायचा की नाही, आणि नेमका तोच कागद सगळ्यांनी वाचला. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रिन्सिपॉलनी बोलावून घेतलं. टेबलावर कॉम्प्युटरचं माहितीपत्रक होतं. पुढच्या वर्षीपासून अक्षरं मशीनवर, चित्रं मशीनवर, शिकवायला डिप्लोमावाला तरुण. त्यांनी मला कॉफी दिली, पूर्ण कप, एकातले दोन केलेली बाय टू नव्हे. दारापर्यंत आले. म्हणाले, "मेष्ट्रे, आपलं येणंजाणं चालू ठेवा."

इतक्या वर्षांत त्या इमारतीत मोठ्या माणसाच्या तोंडून मेष्ट्रु ऐकलं ते त्या दिवशी, दारात. आता ते द्यायला त्यांना काहीच पडत नव्हतं.

खिडकीची जाळी आणि नळ माझ्या मागण्यानं बसले होते. ते तिथेच राहिले. मी बळेपेटेला परत आलो. तोवर तिथेही लोक प्लास्टिकवर कापलेली अक्षरं लावायला लागले होते. ती अक्षरं सगळी सारखी दिसतात, आणि कुणाच्याही हातची नसतात. पण ते रडगाणं दुसऱ्या कुणीतरी गावं. माझं दुखणं वेगळं आहे. मला कुणी मशीनपुढे हरलेला म्हणालं तर मी ऐकून घेईन. मी चुकीचं अक्षर शिकवलं, असं एका कागदावर लिहून माझं नाव पुसलं गेलं, हे मी अजून ऐकून घेत नाही. टांगलेली अक्षरं चूक नव्हती.

निकाल लागला तेव्हा नागरत्ना दुकानात आली. कॉलेजात गेली होती, तिथे मी नव्हतो म्हणून विचारत विचारत बळेपेटेत आली. आईनं उदबत्तीची पाकिटं दिली होती. सगळा वर्ग पास झाला होता. तिला अक्षरात सगळ्यांत जास्त मार्क होते. चन्नबसप्पांकडे सोमवारपासून जायचं होतं. मी छान म्हणालो आणि ब्रश धुवत राहिलो.

तिला कळलं. मुलींना कळतं. म्हणाली, "मेष्ट्रे, रागावलात?"

मी म्हटलं, राग कसला. पास व्हायचं होतं, झालीस. माझी रेघ सोडलीस, तर सोडलीस.

"सोडली नाही," ती म्हणाली. "खोडली."

मी ब्रश खाली ठेवला. ती सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं आधी वर रेघ आखली होती, हलक्या हातानं, मी शिकवली तशी. तिला दोन्ही अक्षरं टांगली. मग वरची रेघ रबरानं खोडली, आणि सगळ्यात शेवटी, अक्षरांच्या पायांखाली, दिसेल अशी जाड रेघ मारली. परीक्षक मागच्या रांगेत होते. त्यांना फक्त शेवटची रेघ दिसली.

"खालून मला येतच नाही ना, मेष्ट्रे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

मी उठलो आणि चपला पायांत घातल्या. श्रीकंठय्या कुठे राहतात ते मला माहीत होतं. त्यांना विचारायचं होतं की बसलेलं अक्षर कसं असतं ते जरा पुन्हा सांगा. रिपोर्ट त्यांच्याच हातानं फिरवून घेतला असता. मी फळीच्या पायरीपर्यंत पोचलो होतो. नागरत्ना आधीच पायरीवर जाऊन उभी राहिली होती. तिनं हात वगैरे पसरले नाहीत, नुसती उभी राहिली. हातात मार्क्स कार्ड होतं, ते तिनं दुमडून छातीशी धरलं.

"मेष्ट्रे," ती म्हणाली, "माझे मार्क."

बाहेर सगळी बळेपेट चालली होती. मी तिच्या हातातल्या कार्डाकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि आत येऊन बसलो. आयुष्यात तेवढा एकच सौदा मी भाव न करता केला.